कापून नेलेला खाडीकाठ

१

रविवारी सकाळी सुरतेतल्या नवागामच्या बालवाडीतून कुणीतरी खाडी कापून नेली.

खरी खाडी जागेवरच होती, आपल्या काळ्या पाण्यासकट आणि वासासकट. गेली होती ती नकाशातली. बालवाडीच्या भिंतीवर छतापर्यंत पोचणारा एक कापडी नकाशा टांगलेला होता आणि त्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यातून चांगला उशीएवढा तुकडा नाहीसा झाला होता. त्या भोकातून मागची भिंत आणि भिंतीवर रंगवलेला अर्धा हत्ती दिसत होता.

बालवाडीच्या वर्षाताईंनी कुलूप उघडलं, दिवा लावला आणि तोंडावर हात ठेवून दारातच उभ्या राहिल्या. मग त्यांनी उज्ज्वलाबाईंना फोन लावला.

उज्ज्वलाबाई पालिकेच्या मराठी शाळेत शिकवायच्या आणि वस्तीच्या रहिवासी समितीचं कामही बघायच्या. शहराचा आराखडा नव्यानं होणार होता. यावेळी तो करताना वस्तीवस्तीतल्या माणसांना विचारायचं ठरलं होतं. पण नवागामला विचारायचं म्हणजे कुणाला आणि कोणत्या भाषेत? एका गल्लीत अमळनेर-पारोळ्याची अहिराणी, दुसरीत परभणी-जालन्याची मराठी, तिसरीत ओडिया, चौथीत भोजपुरी, आणि नाक्यावरच्या दुकानात गुजराती. त्यावर उज्ज्वलाबाईंनीच तोड काढली होती. कापडावर वस्ती शिवायची आणि प्रत्येकानं आपल्याला हवं तिथं एक बटण टाकायचं. हिरवं म्हणजे बाग, निळं म्हणजे पाणी, पिवळं म्हणजे गटार-संडास आणि लाल म्हणजे भीती वाटते ती जागा. ज्यांनी कधी सभेत तोंड उघडलं नव्हतं, अशा बायका सुईदोरा घेऊन रांगेत उभ्या राहिल्या होत्या.

आज दुपारी चार वाजता आराखडा करणाऱ्या पालिकेच्या देसाई मॅडम तो नकाशा बघायला येणार होत्या.

उज्ज्वलाबाई पोचल्या तेव्हा बालवाडीत गर्दी झाली होती. कुणी रडत होतं, कुणी शिव्या घालत होतं.

"कुंदनचं काम आहे हे! काठावरच्या जागेवर त्याचा डोळा आहे. तिथं बाग झाली तर त्याची दलाली बुडते ना!"

"धरून आणा त्याला."

तेवढ्यात समितीचे अध्यक्ष सुपडूभाऊ आले. साड्या कापून घड्या घालायचा त्यांचा छोटासा कारखाना होता. पन्नाशीचा शांत माणूस. त्यांचा शब्द सगळी वस्ती मानायची. त्यांनी नकाशाकडे एकदा पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

"रडू नका," ते म्हणाले. "लोकांची बटणं कुठं गेली नाहीत. दुसरीकडे लावता येतील. आणि मी म्हणतो, पोलीस नको, भांडण नको. मॅडमला बाकीचा नकाशा दाखवू. एवढ्याशा काठावाचून काय अडलंय?"

"असं कसं?" उज्ज्वलाबाई म्हणाल्या. "सगळ्यात जास्त बटणं त्या काठावरच होती, भाऊ. चारच्या आत मी शोधून काढते."

 सुपडूभाऊंनी टोपीची कड बोटांनी चुरगाळून टाकली.

२

गर्दी बाहेर काढून उज्ज्वलाबाईंनी दार लोटलं. आत राहिल्या वर्षाताई आणि कोपऱ्यात झाडू घेऊन उभ्या असलेल्या धुरपदाबाई. धुरपदाबाई सुपडूभाऊंच्या आई. सत्तरी गाठली तरी बालवाडीची झाडलोट आणि मुलांची खिचडी त्याच करायच्या. मुलगा एवढा मोठा अध्यक्ष, मग कशाला राबता, असं कुणी विचारलं तर नुसत्या हसायच्या.

"कुलूप तुटलेलं नव्हतं ना?"

"अजिबात नाही," वर्षाताई म्हणाल्या. "चाव्या दोनच. एक माझी. मी काल रात्री उधन्याला भावाकडे होते, चावी पर्समध्ये होती. दुसरी मावशींकडे."

धुरपदाबाईंनी कमरेची चावी चाचपून दाखवली. "मनापासच शे."

उज्ज्वलाबाईंनी नकाशाच्या भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. कापड पॉलिस्टरचं. कात्री लावली असती तर एव्हाना धागे सुटून झालर लोंबली असती. ही कड मात्र कडक होती, किंचित वितळून बसल्यासारखी. गरम कटरनं कापलेली. आता असा कटर सुरतेत कुणाकडे नसतो? अर्ध्या वस्तीतल्या बायका घरी बसून त्यानं लेस कापतात. पण त्याला वीज लागते. त्यांनी खाली पाहिलं. टेबलफॅनची पिन बोर्डातून काढून बाजूला टाकलेली होती.

"वर्षाताई, काल जाताना पंखा असाच ठेवला होता?"

"नाही हो. मी बटण बंद करते, पिन कधीच काढत नाही."

मग उज्ज्वलाबाईंची नजर कपाटावरच्या बटणांच्या डब्यांकडे गेली. चारी डब्यांची झाकणं घट्ट लावलेली होती. शनिवारच्या सभेत हिरवी बटणं संपली होती. शेवटी आलेल्या शोभाबाईंना मिळालं नाही म्हणून त्या रुसल्या होत्या. उज्ज्वलाबाईंनी सहज हिरव्या बटणांचा डबा उचलला, आणि तो जड लागला. झाकण उघडलं तर डबा काठोकाठ भरलेला. प्रत्येक बटणाच्या भोकात तुटक्या दोऱ्याचा बारीकसा धागा अडकून राहिला होता.

चोरानं तुकडा कापला होता; पण त्याआधी किंवा नंतर त्यावरचं एकेक बटण उसवून जागच्या जागी ठेवलं होतं.

"हा कसला चोर?" वर्षाताई पुटपुटल्या.

उज्ज्वलाबाईंनी धुरपदाबाईंकडे पाहिलं. म्हातारी खाली मान घालून झाडत होती. तिच्या लुगड्याच्या काठाला ओला, काळा चिखल लागला होता. सुपडूभाऊंच्या घरापासून बालवाडीपर्यंत तर सगळा रस्ता सिमेंटचा.

३

कुंदन नाक्यावरच्या आपल्या टपरीवजा ऑफिसात शटर अर्धं पाडून बसला होता. लोकांचा आरडाओरडा त्याच्या कानावर गेला होता. खोल्या भाड्यानं मिळवून देणं, गाळे विकणं हा त्याचा धंदा. खानदेशातच जन्मलेला, पण बोलणं आता निम्मं गुजराती झालेलं.

"बेन, या. मारायला आलात की विचारायला?"

"विचारायला."

"मग बसा. मी कापला नाही. कापून मला काय मिळणार? आज कापला, उद्या परत शिवाल. मी काल सगळे गेल्यावर दारातून फोटो काढला, एवढंच केलं."

"फोटो आहे? दाखव."

त्यानं मोबाइल पुढे केला. उज्ज्वलाबाईंनी चित्र मोठं केलं. गेलेला तुकडा त्यात अख्खा होता. खाडीची निळी पट्टी, तिच्या काठाला करड्या कापडाचे चौकोन आणि त्यांवर हिरव्या बटणांची नुसती दाटी. घरांसाठी त्यांनी पिवळं कापड वापरलं होतं, करडं होतं ते गोदामांसाठी.

"बघितलं?" कुंदन म्हणाला. "गोदामं! बेन, तिथं माणसं राहतात. मीच भाड्यानं दिल्यात त्या पत्र्याच्या खोल्या. धंदा आहे माझा, मी नाही म्हणत नाही. पण तुमच्या सभेत मी उठून सांगायला लागलो, तर लोक म्हणाले, दलाल बोलतोय, खाली बसवा."

उज्ज्वलाबाईंचा चेहरा उतरला. पाहणीला त्या स्वतः गेल्या होत्या. भर दुपारी पत्र्याची बंद दारं दिसली, दारांना कुलपं. कुणीतरी म्हणालं, गोदामं आहेत, आणि सगळे पुढे गेले होते.

"कोण राहतं तिथं?"

कुंदननं शटरकडे पाहिलं, आवाज खाली आणला. "बहुतेक मराठवाड्याचे. कापडाच्या लूमवर बारा तासांची पाळी, म्हणून दिसत नाहीत. पण एक खोली..." तो थांबला. "त्या खोलीचं नाव मी घेणार नाही. शब्द दिलाय. तुम्ही स्वतः जाऊन बघा. बघितल्यावर गप्प बसवलं तर बसा."

४

खाडीकडे उतरणारी वाट चिखलाची होती. उज्ज्वलाबाईंनी साडी वर धरली. पत्र्याच्या खोल्यांची एक लांब ओळ आणि ओळीच्या टोकाला एकच नळ. नळाशी एक बाई भांडी घासत होती. उंबऱ्यावर एक माणूस लाल डोळ्यांनी बसला होता, रात्रपाळी करून आलेला. त्याचं नाव आनंदा, आणि ती त्याची बायको शांताबाई. मूळचे परभणीकडचे.

उज्ज्वलाबाईंनी आपण कोण, कशासाठी आलो ते सांगितलं. बागेचं नाव निघताच आनंदा उठून उभा राहिला.

"म्हंजे आमच्या डोक्यावर बाग करायलात तुम्ही?"

"आम्हाला माहीत नव्हतं..."

"विचारलं कोण? सभा संध्याकाळी. संध्याकाळी आमची पाळी चालू होती. एक दिवस पाळी बुडवली की शेठ दुसरा माणूस लावतो. तुमच्या वस्तीत आम्ही हाव का न्हाई, तेच तुमाला ठाव न्हाई."

"नकाशा तुम्ही कापलात?"

"ठाव असतं तर कापला असता, मॅडम. खोटं कशाला बोलू? आत्ता तुमच्याकडून कळालं."

तो खरं बोलत होता. राग नवा होता, ताजा. ज्याला हे कालच कळलं असतं त्याचा राग एव्हाना रात्रभर शिळा झाला असता. उज्ज्वलाबाईंनी शांताबाईकडे वळून विचारलं, "आज सकाळी इकडे कुणी आलं-गेलं होतं?"

"कोण येतंय हितं? पहाटं दूधवाला येतो, तेवढाच."

"तुम्ही घेता दूध?"

"आम्ही कुठलं घेतो! त्या शेवटच्या खोलीत एक म्हातारी हाय, तिला देऊन जातो. रोज. मोटारसायकल वर रस्त्यालाच लावतो अन् चालत येतो."

उज्ज्वलाबाई ओळीच्या शेवटापर्यंत गेल्या. शेवटचं दार उघडं होतं. आत चुलीवर तवा होता आणि तव्यावर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी फुगत होती. भाकरी उलटणारी बाई आवाजानं वळली. धुरपदाबाई होत्या त्या.

 म्हातारीनं हात पदराला पुसले आणि म्हणाली,

"बाई, आते इतली ऊनीच शे तर आईक. तो तुकडा मीच कापं."

५

उज्ज्वलाबाई गोणपाटावर बसल्या. घाई केली नाही.

"तुम्ही इथं राहता, मावशी?"

"दोन वरीस व्हयनात. सून वाईट नही, तिले काही बोलू नका. पण दोन खोल्या, त्यात ती शिलाईनी मशीन, नातूना अभ्यास. दोघी बायका दिवसभर एकमेकीसना पायमा. मीच सांगं, माले येगळं ऱ्हाऊ दे. पण लोके काय म्हणतीन? अध्यक्षनी मायले घरमातून काढं. म्हणीसन मी सकाळे मांगली गल्लीतून येस, त्याना घरपाईनच ऊनू असं दखाडस." त्या थांबल्या. "सभामा समदा लोके मना डोकावर बाग ठेवनात. मी काय बोलनार व्हतू? बोलतू तर पोऱ्यानी इज्जत जाती. मंग सकाळे जाईसन कापी टाकं."

"कशानं?"

"कात्रीनी."

"आणि बटणं?"

"खाडीमा फेकी दिनात. तुकडाबी फेका."

उज्ज्वलाबाईंनी त्यांचा हात हातात घेतला. बोटं सांध्यांत वाकलेली, खांदा एका बाजूला उतरलेला. बालवाडीत वरच्या फळीवरचा खिचडीचा डबासुद्धा वर्षाताई काढून द्यायच्या.

"मावशी," त्या हळूच म्हणाल्या, "तो तुकडा छताजवळ होता. तिथं तुमचा हात पोचत नाही. कापलाय तो कात्रीनं नाही. आणि बटणं खाडीत गेलेली नाहीत. सगळी डब्यात आहेत, एकही हरवलेलं नाही. तुम्हाला ते ठाऊक नाही, कारण तुम्ही तिथं नव्हता."

तव्यावरची भाकरी करपायला लागली होती, तिकडे धुरपदाबाईंचं लक्ष नव्हतं.

"तुमची चावी पहाटे कुणीतरी मागून नेली आणि परत आणून दिली. अशा माणसानं, की ज्याच्यासाठी तुम्ही चोर व्हायला तयार आहात. दूधवाला अख्खी ओळ सोडून एकाच दारी रोज उतरत नाही, मावशी. आणि गाडी दूर लावून चालत येत नाही. तो दूधवाला नव्हेच."

म्हातारीनं पदर तोंडाला लावला.

"बाई, त्याले काही करू नका. तो वाईट नही."

"मला माहीत आहे," उज्ज्वलाबाई म्हणाल्या. आणि खरोखरच त्यांना ते माहीत होतं. वाईट माणूस बटणं उसवत बसत नाही.

६

सुपडूभाऊ बालवाडीत एकटेच खुर्च्या मांडत होते. साडेतीन वाजून गेले होते. उज्ज्वलाबाई आल्या आणि भोकाजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

"भाऊ, सकाळी तुम्ही म्हणालात, लोकांची बटणं कुठं गेली नाहीत. डब्याचं झाकण तेव्हा कुणीच उघडलं नव्हतं. मीसुद्धा नाही. तुम्हाला कसं कळलं?"

हातातली खुर्ची खाली ठेवायलाही त्यांना वेळ लागला. मग ते त्याच खुर्चीवर बसले.

"आईकडे जाऊन आलात?"

"हो."

"ती काय म्हणाली?"

"म्हणाली, मीच कापला."

हे ऐकल्यावर मात्र तो माणूस ढासळला. दोन्ही हातांत त्यानं तोंड झाकून घेतलं.

"शनिवारी पहिलं हिरवं बटण मीच लावलं, बाई," ते शेवटी म्हणाले. "सगळे माझ्याकडे बघत होते. अध्यक्ष कुठं लावतो ते बघून लोक लावतात. शोभाबाई म्हणाल्या, काठावर बाग करा, पोरांना खेळायला होईल. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिथं माणसं राहतात हे मला माहीत होतं. नुसतं तोंड उघडायचं होतं. पण पुढचा प्रश्न आला असता, तुम्हाला कसं माहीत? मी माझ्या आईच्या घरावर बटण टाकलं, बाई. तिच्या डोळ्यांदेखत. ती मागे उभी राहून बघत होती आणि मला खुणेनं सांगत होती, लाव, लाव."

त्यांनी पिशवीतून घडी केलेला तुकडा काढला.

"रात्रभर झोप नाही. सकाळी दूध द्यायला गेलो, खुर्च्या मांडायच्या म्हणून चावी मागितली. कटर गाडीला लटकवलेल्या पिशवीत होता. पण बटणं... त्यात शोभाबाईंचं सोडून सगळ्यांचंच एकेक होतं. ती फेकायला हात होईना. वाटलं, दुसरीकडे लावतील."

"आता काय करायचं?"

"तुम्ही सांगाल ते."

"मी नाही सांगणार. अध्यक्ष तुम्ही आहात."

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. माणसं जमू लागली. देसाई मॅडम आत आल्या, नकाशा बघून आधी खूश झाल्या, मग भोकाकडे बघून थबकल्या. "आ शुं थयुं? हे काय झालं?"

कुंदन दारात उभा होता. आपलंच नाव निघणार अशी खात्री असल्यासारखे त्यानं खांदे आवळून घेतले होते.

सुपडूभाऊ उठले. टोपी खुर्चीवर ठेवली.

"मॅडम, हा तुकडा मी कापला. कुंदनचा यात काही संबंध नाही. सकाळपासून त्याला जो बोल लावताय, तो मला लावा." आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. आईचं, दूध पोचवण्याचं, पहिल्या बटणाचं. अहिराणीत सुरू केलं, मध्येच हिंदीत गेले, परत अहिराणीत आले. ज्यांना भाषा कळत नव्हती त्यांनाही कळलं असावं, कारण मागच्या बाकावरचा ओडिया लूमवाला डोळे पुसत होता.

कुणीतरी मागून ओरडलं, "असला अध्यक्ष नको आम्हाला!"

"बरोबर आहे," सुपडूभाऊ म्हणाले. "दुसरा नेमा. पण आधी खाली चला. मॅडम, इथं बसून हा नकाशा पुरा होणार नाही."

देसाई मॅडमनी चपला पुन्हा पायात सरकवल्या. "चलो."

सगळी सभा चिखलातून खाडीकाठी उतरली. आनंदा पुढे झाला आणि त्यानं दारामागून दार ठोकून रात्रपाळीवाल्यांना उठवलं. आधी भांडण झालं, चांगलं कडाक्याचं. आनंदा शोभाबाईंना काय वाटेल ते बोलला, शोभाबाईंनीही ऐकून घेतलं नाही. मग शांताबाईनं त्यांना हात धरून आपल्या खोलीत नेलं आणि पावसात पाणी कुठवर चढतं ते पत्र्यावर दाखवलं. ती खूण शोभाबाईंच्या गळ्याएवढी होती. बाहेर आल्यावर शोभाबाई आपण होऊन म्हणाल्या, "बाग शाळेमागच्या पडीक तुकड्यावर होते की. तिथं कोण राहतं?"

"आता तेही जाऊनच बघू," उज्ज्वलाबाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच सगळे हसले.

देसाई मॅडम दारोदार विचारत होत्या, लिहून घेत होत्या. कुणी संडास मागितला, कुणी काठाला भिंत. धुरपदाबाईंपाशी त्या वाकल्या. "मा, तुम्हाला काय पाहिजे?"

धुरपदाबाईंना हा प्रश्न कुणी कधी केला नव्हता. त्या जरा गोंधळल्या. मग वाटेकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आठे एक दिवा लावा. पोरी पाळीवरथीन येतीस. अंधारमा भ्यातीस."

"मंजुरी माझ्या एकटीच्या हातात नाही," मॅडम उज्ज्वलाबाईंना म्हणाल्या. "पण आराखड्यात ही जागा रिकामी म्हणून जाणार नाही, एवढं मी बघते."

उन्हं उतरली तशी माणसं वर निघून गेली. सुपडूभाऊ आईच्या दाराशी घुटमळत राहिले.

"चाल माय, घर."

"मी घरच शे," धुरपदाबाई म्हणाल्या. "सणवारले येसू. रोज नही. आते बस, तू सकाळपाईन काही खादं नही."

ते उंबऱ्यावरच बसले. आईनं हातावर भाकरी ठेवली, वर मिरचीचा ठेचा. दोन घास खाल्ले तोच समितीतले पंडितभाऊ मागे राहिलेली छत्री न्यायला परत आले आणि त्यांना बघून अवघडले. छत्री काखेत मारत म्हणाले, "काय सुपडूभाऊ, अजून इथंच?"

सुपडूभाऊंनी घास गिळला आणि ओळीतल्या सगळ्या दारांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं,

"जेवायला आलोय. आईकडे."